खाटकाच्या पोराची कादंबरी

कोरियात बेकजोंग म्हणून लोक होते. जनावरं कापायची, कातडं कमवायचं, टोपल्या विणायच्या. वस्ती गावाबाहेर. घोड्याच्या केसांची टोपी डोक्यावर घालायची नाही, कौलारू घर बांधायचं नाही, दुसऱ्यांच्या पोरासोरांशीही अदबीनेच बोलायचं. १८९४ साली हा भेद कायद्याने गेला. म्हणजे कागदावर गेला. १९२३ साली जिन्जूत बेकजोंगांनी ह्योंगप्योंगसा ही संघटना काढली. नाव तराजूवरून घेतलं. पारडं समान पाहिजे, एवढीच मागणी. तरी त्यांच्यावर हल्ले झालेच. १९२५ साली येचोनला तर जमावच चालून आला.

ह्याच काळात, नोव्हेंबर १९२८ मध्ये, ‘चोसुन इल्बो’ ह्या दैनिकात एक कादंबरी सुरू झाली. नायक इम कोकजोंग, सोळाव्या शतकात राजाची झोप उडवणारा दरोडेखोर. जातीने बेकजोंग.

लिहिणारा मात्र वरच्या यांगबान जातीचा. होंग म्योंग-ही, जन्म १८८८, गाव ग्वेसान. दोस्तांनो, इथं थांबून बघायला पाहिजे. आपली गोष्ट दुसरा सांगतो तेव्हा आपण सावध असतो, आणि असावंच. पण हा माणूस दया दाखवायला आलेला नव्हता. १९१० साली जपानने देश गिळला, तेव्हा त्याच्या बापाने, सरकारी अंमलदार असून, जीव दिला. १९१९ च्या उठावात होंगने ग्वेसानला मोर्चा काढला, तुरुंगात गेला. १९२७ साली राष्ट्रवादी आणि डावे एकत्र आणणारी सिनगानह्वे उभी करण्यात तो पुढे होता. १९२९ च्या अखेरीस पुन्हा पकडला, कादंबरी बंद. १९३२ साली सुटला आणि परत लिहायला बसला. त्याच्या जोडीने नाव घेतले जाणारे दोन मोठे लेखक, चोए नाम-सन आणि यी ग्वांग-सू, पुढे जपान्यांच्या वळचणीला गेले. हा गेला नाही.

कादंबरीत कोकजोंगचा गुरू कोण? जोडे शिवणारा. आणि मोठे मोठे विद्वान त्याच्या दारात येऊन बसतात! सुरुवातीला तर जीव वाचवायला पळालेला एक सरदार बेकजोंगांच्या वस्तीत लपतो, त्यांचीच पोर करतो. कोकजोंग काही साधू नाही. पुढे तो माजतो, राजधानीत बायका ठेवतो, साथीदारांवर गुरगुरतो. मला हेच खरं वाटतं. पिचलेल्या माणसाला देव करून टाकणं ही पण त्याला माणसात न घेण्याचीच तऱ्हा.

१९४८ साली होंग उत्तरेला गेला, तिथे उपपंतप्रधान झाला, १९६८ साली वारला. सत्तेच्या खुर्चीतला होंग मला फार जवळचा वाटत नाही. दक्षिणेत त्याच्या पुस्तकावर कितीतरी वर्षं बंदी होती.

कादंबरी १९४० साली थांबली ती थांबलीच. सरकारी फौजेने कोकजोंगला १५६२ साली मारलं. लिखाण तिथवर पोचलं नाही.