कुंकवाच्या गावातली दुसरी खूण

कुर्डुवाडी आणि जेऊरच्या मधलं केम स्टेशन. गाव करमाळा तालुक्यातलं, पण त्याची ओळख कुंकवाची. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे रसायन इथे शाळेत शिकवावं लागत नाही. मतदानाच्या दिवशी गावात दुसरी एक खूण उमटते, तीही रसायनाचीच. शाईतलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवरच्या मिठाशी जुळतं आणि उजेड लागला की काळं पडतं. कुंकू घामाने ओघळतं. हा डाग मात्र नख वाढून पुढे सरकेपर्यंत जात नाही.

१९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत शाईच्या ३,८९,८१६ बाटल्या लागल्या. ती पार पाडणारे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन १९५३मध्ये सुदानला गेले. तिथल्या सात जणांच्या निवडणूक आयोगात तीन सुदानी, एक इजिप्शियन, एक ब्रिटिश, एक अमेरिकन, आणि अध्यक्ष सेन. आपल्याच पहिल्या निवडणुकीची शाई वाळते न वाळते तोच दुसऱ्यांची निवडणूक भरवायला जायचं, याला धाडसच म्हणायचं.

पुढे माणसापेक्षा बाटलीच जास्त फिरली. १९६२पासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते. नाल्वडी कृष्णराज वडियारांनी १९३७मध्ये काढलेला तो मुळातला लाखेचा कारखाना. सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं. म्हैसूरहून ही शाई नेपाळ, कंबोडिया, दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेली.

मलेशियानेही २००८मध्ये भारतातून मागवली. माल पोचला, आणि मतदानाला चार दिवस उरले असताना आयोगाने बेत रद्द केला. कुणीतरी थायलंडमधून शाई चोरून आणल्याच्या तक्रारी हे एक कारण. दुसरं असं, की बोटावर डाग असला तरी मतपत्रिका नाकारता येत नाही, असा घटनेचा पेच निघाला. मला हे दुसरं जास्त बोलकं वाटतं. डाग दिसल्यावर ‘नाही’ म्हणायचा अधिकार बाटलीतून येत नाही, तो कायद्यात आधी लिहून ठेवावा लागतो. आपल्याकडे तो नियमात आहे: डावी तर्जनी तपासायची, आधीचा डाग असेल तर मत नाही, आणि तर्जनीच नसेल तर कोणतं बोट, हेसुद्धा लिहिलेलं.

केमच्या बूथवर कुंकवाच्या कामातून आलेलं लाल बोट समोर आलं, तर आधी ते फडक्याने पुसायचं, मग काडी टेकवायची.