जुन्या गाडीत दुसरे इंजिन : अडचण स्टिअरिंगच्या दांड्याची

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन थकले, सुटे भाग मिळेनासे झाले किंवा अधिक ताकदीची हौस वाटू लागली, की मालक दुसरे इंजिन बसविण्याचा विचार करू लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्सची मापे जुळविण्यातच सारे लक्ष गुंतते. प्रत्यक्षात इंजिन चेन ब्लॉकवरून बॉनेटखाली उतरू लागले, की आडवा येतो तो स्टिअरिंगचा दांडा. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, स्टार्टरला किंवा तेलाच्या चेंबरला भिडतो. ही अडचण घाईने सोडविणे म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळ होय.

कारखान्यांनाही पडलेला पेच

ही समस्या केवळ हौशी मंडळींची नाही. ब्रिटनच्या रूट्स समूहाने 'सनबीम अल्पाइन' या चार सिलिंडरच्या छोट्या मोटारीत फोर्डचे २६० घनइंची व्ही-८ इंजिन बसवून १९६४ मध्ये 'टायगर' बाजारात आणली. त्या रुंद इंजिनाला वाट करून देण्यासाठी अल्पाइनचा स्टिअरिंग बॉक्स काढून टाकावा लागला आणि त्याजागी रॅक-पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग इंजिनाच्या पुढील बाजूस बसविण्यात आले. तरीही जागा इतकी अपुरी होती, की एक स्पार्क प्लग काढण्यासाठी चालककक्षाच्या पुढील पडद्याला भोक ठेवावे लागले.

उजव्या हाताच्या स्टिअरिंगचा प्रश्न

आपल्याकडे ही अडचण अधिक तीव्र होते. अमेरिकी इंजिने डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी आखलेली असतात. जनरल मोटर्सच्या लोकप्रिय व्ही-८ इंजिनांत स्टार्टर उजव्या अंगाला असतो आणि आपल्या गाड्यांत दांडाही त्याच बाजूने खाली जातो. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वीच त्याचा स्टार्टर, तेलाचा फिल्टर आणि एक्झॉस्ट कोणत्या बाजूस आहे, हे पाहून ठेवावे.

उपायांचा क्रम

प्रथम एक्झॉस्टकडे पाहावे. नळ्यांचे रुंद हेडर काढून इंजिनाला बिलगून बसणारा बिडाचा मॅनिफोल्ड लावल्यास अनेकदा तेवढ्यानेच काम भागते. त्यानंतर इंजिन किंचित बाजूला सरकविण्याचा विचार करावा; मात्र तसे करताना प्रॉपेलर शाफ्टचा कोन आणि दोन्ही बाजूंचे वजन लक्षात घ्यावे लागते.

एवढ्यानेही जागा न झाल्यास दांड्याचा मार्ग बदलावा लागतो. सरळ दांड्याऐवजी युनिव्हर्सल जॉइंट लावलेला दोन तुकड्यांचा दांडा वापरला, की तो अडथळ्याला वळसा घालून जातो. मात्र एका जॉइंटचा कोन साधारणपणे ३० अंशांच्या आत ठेवावा. कोन वाढला, की चाकाची गती दांड्याच्या दुसऱ्या टोकाला समान पोचत नाही. ३० अंशांवर ती सुमारे १५ टक्क्यांनी कमीजास्त होते आणि स्टिअरिंग कधी हलके, कधी जड लागते. दोन जॉइंट असल्यास दोघांचे कोन शक्यतो सारखे ठेवून मधल्या तुकड्यावरील त्यांचे काटे एकाच रेषेत बसवावेत, म्हणजे हा फरक परस्पर नाहीसा होतो. तीन जॉइंट लागले, तर मध्ये आधाराचे बेअरिंग अत्यावश्यक आहे. त्याशिवाय दांडा झोके खाऊ लागतो.

जोडकामात तडजोड नको

स्टिअरिंगचा मूळ दांडा कापून रस्त्याकडेच्या गॅरेजात वेल्डिंगने पुन्हा जोडणे, हा सर्वांत धोकादायक मार्ग. तो सांधा वळणावर तुटला, तर गाडी चालकाच्या हाती राहत नाही. स्प्लाइन असलेले किंवा दोन बाजूंनी चपटे केलेले तयार दांडे आणि त्यांना जुळणारे जॉइंटच वापरावेत. जॉइंटचा स्क्रू जेथे टेकतो, तेथे दांड्याला खळगी पाडून वर लॉकनट कसावा.

जुन्या गाड्यांचा सलग, ताठ दांडा समोरच्या धडकेत चालकाच्या छातीवर येत असे. म्हणूनच अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींत स्टिअरिंग कॉलम मागे सरकण्यावर कायद्याने मर्यादा आली. ज्या गाडीत धडकेसरशी आत दबणारा कॉलम आहे, तेथे फेरफार करताना ती सोय निकामी होता कामा नये.

तपासणी

उभ्या गाडीत दांडा आणि इंजिन यांच्यामध्ये किमान अर्धा इंच अंतर राखावे. गती वाढविताना इंजिन रबरी माउंटिंगवर कलते, याचा विसर पडू नये. अंतर मोजण्यासाठी फटीत मऊ मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने कलवून पाहावे. गाडी जॅकवर उचलून आणि पुन्हा चाकांवर उभी करून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. कोठेही अडकता कामा नये. एक्झॉस्टजवळच्या रबरी जोडाला उष्णतेपासून वाचविण्यासाठी पत्र्याचे आवरण द्यावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत. इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची मंजुरी घ्यावी. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होण्यासाठी ती मूळ स्वरूपात असणे आवश्यक आहे. चॅसी, सांगाडा वा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. त्यामुळे हत्यार हाती घेण्यापूर्वीच, आपल्याला वेग हवा की वारसा, याचा निर्णय मालकाने करावा.