समुद्रातल्या जमिनीचा भाव

गेल्या भाऊबीजेला माझा एक जुना विद्यार्थी बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत फराळाला आला होता. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीची मुदत नुकतीच संपली होती. ते कळताच तो म्हणाला, "सर, पैसे बँकेत कुजवू नका. बिटकॉइन घ्या."

"त्याच्या मुळाशी काय आहे रे?"

"मागणी, सर! आणि नाणी सारी २ कोटी १० लाख. त्यापुढे एक निघायचं नाही."

हे ऐकून मला १८६४ सालची मुंबई आठवली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. तो जिरवायला रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. त्यांत मोठा मान बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा. समुद्र बुजवून जमीन करायची, हा तिचा बेत. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर चढला. जमीन अजून पाण्याखालीच होती!

भाव चढत होता कशाने? बँक शेअर गहाण ठेवून कर्ज देई, त्या कर्जातून नवे शेअर घेतले जात, त्याने भाव वाढे आणि वाढलेल्या भावावर पुन्हा कर्ज मिळे. एप्रिल १८६५ मध्ये सेनापती ली शरण गेला. कापूस कोसळला. १ जुलैला वायदे पुरे करायचे होते. पैसे देणार कोण? बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांना पोचलेला शेअर ८७ रुपयांवर आला आणि १८६८ साली ती बँकच बुडाली. शेअरबाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे निघाले.

मग त्या शेअरांत मोल नव्हतेच काय? होते. कंपनी गेली, तरी भरावाची एक अरुंद पट्टी पुढे पुरी झाली आणि तिच्यावरून लोहमार्ग गेला. मरीन लाइन्सच्या बाजूने चर्चगेटला जाणारी आमची गाडी आजही तिथूनच धावते. पाच हजारांत थोडी तरी जमीन होती. वरच्या पंचेचाळीस हजारांत नुसती आशा.

२००९ साली सुरू झालेल्या या नाण्यात तेवढीही जमीन नाही. भाडे, व्याज, नफा काही नाही. एक गुण मात्र मानला पाहिजे. कुणा एकट्याला खाडाखोड करता येणार नाही अशी ती वही आहे आणि बँकेवाचून परदेशी पैसे पोचवते. या सोयीला मोल आहे. पण किती, हे मोजायचे माप कुणाजवळ नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या घरात गेलेला भाव वर्षभरात सतरा हजारांखाली आला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लाखावर गेला. राहता राहिली टंचाई. माझ्या हस्ताक्षरातले हजेरीपटही जगात मोजकेच आहेत. रद्दीवाला जास्त भाव देत नाही.

"म्हणजे घ्यायचंच नाही?" त्याने विचारले.

"बुडाले तरी चूल पेटेल, एवढ्याचं घे. पोरीची फी त्यात बसत नाही."

तो बराच वेळ चकलीचे तुकडे करीत बसला. मग हळूच म्हणाला, "सर, मी आईच्या फंडाचे घातलेत."

किती, हे मी विचारले नाही. एवढेच म्हटले, "आईला सांगितलं आहेस का? आधी सांग."

दुसऱ्या दिवशी आमची ठेव मी पुन्हा बँकेतच ठेवली.