बधिर हात आणि बाजार

कुष्ठरोगाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दयेच्या अंगाने सांगितला जातो. आज आपण तो मजुरीच्या अंगाने बघू. म्हणजे असं विचारू, की हा आजार झाल्यावर माणसाची कमाई नेमकी कुठे तुटते?

पहिली तुटते हातात. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेबरोबर मज्जातंतूंवरही बसतात. चट्टा बधिर होतो, पुढे हातापायांची जाणीव जाते. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे लोक वेदनेला दुःखाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण वेदना ही राखणदार आहे. ती गेली की चुलीवरचं भांडं पोळत नाही, कुऱ्हाडीचा दांडा घासला तरी कळत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवलं: बोटं रोगाने झडून पडत नाहीत, बधिर हाताने रोजचं काम करताना झालेल्या जखमा चिघळून ती झिजतात. आता चंद्रपूर-गडचिरोलीतली कामं आठवा. बांबू तोडणं, बांधीतल्या चिखलात उभं राहून रोवणी करणं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणं. सगळी हातापायांची. म्हणजे जे काम पोट भरतं, तेच हात खातं.

दुसरी तुटते बाजारात, आणि तिथे कायदाही उभा होता. 1898 चा लेपर्स ॲक्ट बघा. उघड भीक मागणारा किंवा उपजीविकेचं दिसेल असं साधन नसलेला रोगी पकडून आश्रयगृहात ठेवता येई. म्हणजे पकडायचं की नाही हे ठरे खिशावरून! त्याच कायद्यात अधिसूचना काढून रोग्याला अन्न, औषध, कपडे विकायला, भाड्याची गाडी हाकायला मनाई करण्याची सोय होती. आधी धंदा बंद करायचा, मग साधन नाही म्हणून धरायचं. हा कायदा रद्द झाला 2016 साली. औषध त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्येच केली होती.

या पार्श्वभूमीवर वरोऱ्याचं आनंदवन बघावं लागतं. विदर्भात वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण 1936 पासून हे काम करत होते. वकिली सोडलेल्या बाबा आमटेंनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि 1951 मध्ये खडकाळ जमिनीवर आनंदवन उभं राहिलं. भीक नको, काम हवं, हा तिथला आग्रह सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची अडचण. भाजी पिकली, पण सुरुवातीला घेणार कोण? श्रम करणं पुरत नाही, त्या श्रमाला गिऱ्हाईक लागतं. ते हळूहळू मिळालं. 1964 मध्ये तिथे महाविद्यालय निघालं आणि आसपासची धडधाकट मुलं शिकायला आली. 1967 पासून मूल तालुक्यात सोमनाथला जंगलाशेजारी मोठी शेती उभी राहिली.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही कमाई बव्हंशी वसाहतीच्या आतली होती. घर, गाव सोडून आलेल्यांना ती मिळाली. गावात राहिलेल्याचं काय?

2005 च्या अखेरीस देशपातळीवर निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच. आपले हे दोन जिल्हे त्यानंतरही जास्त रुग्णांचे म्हणूनच ओळखले जातात. शिवाय गोळ्यांचा कोर्स संपला की नाव यादीतून जातं, पण बऱ्याचदा बधिरपणा हातात राहतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश झाला, सरकारी नोकरीत राखीव जागाही आली. ठीक आहे, पण आपल्या रोजंदारीवाल्याला सरकारी नोकरी कुठली?

त्याला सांगितलं जातं, रोज हातपाय भिजवा, तेल लावा, जखम तपासा, फोड आला तर विश्रांती घ्या. सल्ला अगदी बरोबर आहे. तेंदूचा हंगाम मात्र थोड्या दिवसांचा. पहाटे जंगल, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. पैसे पुड्यांच्या हिशेबाने. विश्रांतीच्या दिवसाचे पुडे शून्य.