अंगणातली शाळा आणि क्लासची फी



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, मुलाची शिकवणी. मुलगा कितवीला? तर दुसरीला! आई म्हणाली, "शाळेत नुसती गाणी अन् चित्रं. मातीचे बैल करून घेतात. लेकरानं अभ्यास कधी करायचा?" निम्म्या बायांनी माना डोलावल्या. नांदेड-लातूरकडं असं वाटणं काही नवल नाही. दहावी-बारावीच्या मार्कांसाठी 'लातूर पॅटर्न'चं नाव महाराष्ट्रभर झालं, आणि बारावीचं ते ओझं हळूहळू दुसरीच्या दप्तरात येऊन बसलं.

पण गाणी आणि मातीचे बैल शाळेत आले कुठून? ही गोष्ट दोन बायांची आहे, म्हणून आज सांगावीशी वाटली.

ताराबाई मोडक मुंबईत वाढलेल्या, पदवीधर. गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसोरी पद्धत त्यांना पटली होती, पण तिची साधनं महागडी, शहरातल्या लेकरांपुरतीच. खेड्यातल्या लेकरांचं काय? म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांच्या आतच त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं, ते आपल्या आज्यांना विचारा. अनुताई मात्र शिकल्या आणि शिक्षिका झाल्या.

बोर्डीत दलित वस्तीतली लेकरं शाळेपर्यंत येईनात. मग या दोघींनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव घेतलं. आज आपल्या गावोगाव जी अंगणवाडी आहे, तिचं बारसं बोर्डीच्या त्या अंगणात झालंय.

विकत घ्यायची साधनं नव्हती. शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं हीच साधनं. खडे मांडायचे, त्याची नक्षी करायची आणि करता करता मोजायचं. गाण्यातून शब्द, नाचातून ताल, पानांच्या आकारातून निसर्ग. पुढं दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेल्या. तिथं लेकरं गुरं राखायला जायची, म्हणून बाई त्यांच्यामागं कुरणात गेल्या. तिचं नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र जोडली. थोरल्या पोरी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात हे त्यांनी पाहिलं होतं. भावंड पाळणाघरात, म्हणजे पोरगी वर्गात. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याच्या आधी, १९३७ साली, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला होता. टकळीवर सूत काढताना तार मोजले की गणित. कापूस कोणत्या जमिनीत येतो हे विचारलं की भूगोल. कापूस पिकवणाऱ्या नांदेडला हे शिकवायला सोपं गेलं असतं. पण आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडं. वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू. गावच्या पोरीला तर शाळाच दुर्मीळ. आपण त्यातून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो.

तरी हिशेब आपल्या आज्यांना येत होता. त्यांच्या हातात रांगोळी होती, गोधडी होती. बैठकीत आम्ही फरशीवर खडूनं ठिपके काढले. मधली ओळ सातची, वर-खाली सहा, पाच, चार. किती झाले? अर्ज करणाऱ्या बाईनंच आधी सांगितलं, सदतीस. कागद-पेन न घेता. "कुठं शिकलात?" म्हटलं, तर हसली. म्हणाली, "आईच्या अंगणात."

एक मात्र खरं. नुसतं चित्र रंगवून घेतलं आणि त्यातून मोजणं, बोलणं, लिहिणं काही आलंच नाही, तर आईची तक्रार रास्तच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही कला विषयांशी जोडायला सांगितलंय. जोडायला, नुसती उरकायला नाही.

तिचा अर्ज आम्ही नाकारलेला नाही, बाजूला ठेवलाय. पुढच्या बैठकीला गुरुजींना बोलावलंय. लेकरानं केलेले बैल घेऊन या, असा निरोप दिलाय. त्या बैलांवरून ते काय काय शिकवतात, ते आधी ऐकू. मग कर्जाचं ठरवू.