आधी पैसे की आधी वस्तू?

गेल्या महिन्यात मी मिक्सरचं भांडं ऑनलाइन मागवलं. दोन दिवसांत घरपोच आलं, दुकानापेक्षा स्वस्तही पडलं; पण झाकण भलत्याच मापाचं. मग आठवडाभर अ‍ॅपवर एका यंत्राशी गप्पा! माणूस काही भेटेना.

हे दुखणं नवं नाही बरं का. १८७२ साली शिकागोत अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्डने एकपानी यादी छापून टपालाने माल विकायला सुरुवात केली. गावातला दुकानदार सांगेल तो भाव मोजणाऱ्या शेतकऱ्यांना त्यात फायदा दिसला. पण माल न बघता पैसे पाठवायचे कसे? म्हणून १८७५ मध्ये वॉर्डने हमी दिली : पसंत नसेल तर पैसे परत.

आपल्याकडे उत्तर वेगळं निघालं. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही.पी.पी. सुरू केली. पोस्टमनने पार्सल दारात आणायचं, आपण पैसे त्याच्या हातात द्यायचे. मात्र पार्सल फोडायचं ते पैसे दिल्यावरच! आत भलतंच निघालं, तर विक्रेत्याला पत्र लिहा आणि वाट बघत बसा. २०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली, ती याच जुन्या वाटेने.

म्हणजे दीडशे वर्षांत माल दारात आणणं सोपं झालं. चूक निस्तरायला मात्र अजून माणूसच लागतो. माझं झाकण बदलून मिळालं, ते दुसरं पार्सल घेऊन आलेल्या मुलाने स्वतः फोन लावला म्हणून.