सँतोरिनी : वारंवार रिकामे झालेले बेट

१/ शुभ्र भिंती, निळे घुमट आणि समुद्रात बुडणारा सूर्य. ग्रीसमधील सँतोरिनीचे हे छायाचित्र आपण सर्वांनीच पाहिले आहे. परंतु पर्यटक ज्या कड्यावरून हा सूर्यास्त पाहतात, ती एका फुटलेल्या ज्वालामुखीची कड आहे. तेथील माणसांना आपली घरे वारंवार का सोडावी लागली, त्याविषयी हा थ्रेड. 🧵

२/ या बेटाचे प्राचीन नाव थेरा. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी येथे प्रचंड उद्रेक झाला. ज्वालामुखीचा मध्यभाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. आजचे चंद्रकोरीसारखे बेट हा त्या भूभागाचा उरलेला काठ होय. पाण्यापासून सरळ वर गेलेले सुमारे ३०० मीटर उंचीचे कडे त्याचीच साक्ष देतात.

३/ हा विध्वंस प्रथम उजेडात आला तो एका बांधकामामुळे! १८६० च्या दशकात सुएझ कालव्याच्या कामासाठी येथील ज्वालामुखीची राख खणून नेली जात होती. चुन्यात मिसळल्यावर ती पाण्यातही घट्ट होते. या खाणींत, शेजारच्या थिरासिया बेटावर, राखेखालून प्राचीन घरांच्या भिंती बाहेर आल्या.

४/ १९६७ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस यांनी अक्रोतिरी येथे उत्खनन सुरू केले. दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची व्यवस्था, रंगीत भित्तिचित्रे असे संपूर्ण नगरच राखेखाली टिकून होते. मात्र पाँपेईप्रमाणे मृतांचे सांगाडे तेथे सापडले नाहीत. मौल्यवान वस्तूही जवळजवळ नव्हत्या.

५/ याचा अर्थ काय? उद्रेकापूर्वी भूकंप झाला होता. लोकांनी ढिगारे उपसण्यास, डागडुजी करण्यास आरंभही केला होता. नंतर धोका ओळखून ते निघून गेले. ते कोठे गेले, सुखरूप पोहोचले का, याचे उत्तर उत्खननाने दिलेले नाही.

६/ आता ९ जुलै १९५६. पहाटेच्या तीव्र भूकंपात ५३ जणांचा मृत्यू झाला, शेकडो घरे कोसळली. अनेक कुटुंबे अथेन्सकडे गेली. इया हे गाव जवळपास ओस पडले.

७/ इयाच्या कड्यातील ज्या 'गुहा-घरां'त आज महागडी हॉटेले आहेत, ती मूलतः खलाशांची साधी घरे होती. राखेच्या मऊ थरात कोरलेली, कमी खर्चाची. जहाजमालक व कप्तान यांचे वाडे वरच्या अंगाला असत. १९७० च्या दशकापासून ग्रीक पर्यटन संस्थेने ओस पडलेली काही घरे दुरुस्त करून अतिथिगृहे केली. गरिबीतून घडलेली वास्तुशैली अशा रीतीने चैनीची वस्तू झाली.

८/ फेब्रुवारी २०२५ मध्ये भूकंपांची मालिका तीव्र झाली, तेव्हा दहा हजारांहून अधिक लोकांनी बोटींनी व विमानांनी बेट सोडले. शाळा बंद झाल्या. या वेळी बहुतेकांना परतता आले.

९/ सँतोरिनीला जाण्याचा योग आला, तर सूर्यास्त अवश्य पाहावा. पण एक सकाळ अक्रोतिरीसाठी राखून ठेवावी. या बेटाचे सौंदर्य ज्वालामुखीने घडवले आणि त्याची किंमत तेथे राहणाऱ्यांनी मोजली, हे त्या रिकाम्या घरांसमोर उभे राहिल्यावर अधिक स्पष्टपणे कळते. (समाप्त)